जगातील महागाई, विकासदर आणि व्याजदर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांतून हे पान तयार केले आहे. येथील आकडे डिसेंबर २०२५ अखेरपर्यंतचे आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल, तर तो पुन्हा न सांगता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘धोरणदर’ म्हणजे नेमका कोणता दर? प्रत्येक देशात त्याचे नाव वेगळे का असते?

मध्यवर्ती बँक व्यापारी बँकांशी ज्या दराने अल्पमुदतीची देवघेव करते, किंवा बँकांनी एकमेकींना रात्रभरासाठी ज्या दराने पैसे द्यावेत असे तिला वाटते, तो धोरणदर. भारतात हे काम रेपो दर करतो. सरकारी रोखे तारण घेऊन रिझर्व्ह बँक या दराने बँकांना पैसे देते. अमेरिकेची फेडरल रिझर्व्ह, म्हणजे फेड, एकच आकडा न देता पाव टक्क्याचा पट्टा जाहीर करते. म्हणून बातमीत ‘३.५० ते ३.७५ टक्के’ असे लिहिलेले असते. युरोपीय मध्यवर्ती बँकेचे तीन दर आहेत, मात्र बाजाराचे लक्ष सध्या ठेवदराकडे असते. जादा पैसे त्या बँकेकडे ठेवल्यावर व्यापारी बँकांना मिळणारे व्याज म्हणजे ठेवदर.

चीनच्या बातम्या वाचताना मात्र एक गफलत हमखास होते. तेथील मध्यवर्ती बँकेचा मुख्य दर सात दिवसांच्या ‘रिव्हर्स रेपो’चा आहे आणि त्या व्यवहारात ती बँकांना पैसे देते. भारतात याच नावाच्या व्यवहारात रिझर्व्ह बँक बँकांकडून पैसे काढून घेते. त्यामुळे चीनच्या रिव्हर्स रेपोची तुलना आपल्या रेपोशी करावी लागते.

२. महागाई कमी झाली असे सरकार सांगते, मग बाजारात वस्तू स्वस्त का झाल्या नाहीत?

महागाईचा दर कमी झाला याचा अर्थ किमती वाढण्याचा वेग मंदावला, एवढाच. अमेरिकेत जून २०२२ मध्ये किरकोळ महागाई ९.१ टक्क्यांवर पोहोचली आणि वर्षभराने, जून २०२३ मध्ये, ती ३ टक्क्यांवर आली. मथळे दिलाशाचे होते. पण दोन वर्षांची वाढ एकत्र धरली, तर जून २०२१ मध्ये १०० डॉलरना मिळणाऱ्या सामानाला आता ११२ डॉलरहून अधिक मोजावे लागत होते. पगार त्या प्रमाणात वाढला नसेल, तर घरखर्चाला काहीच दिलासा मिळत नाही, आणि ग्राहकाची तक्रार रास्तच ठरते.

याची दुसरी बाजू म्हणजे आधाराचा परिणाम. चालू महिन्याची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी होत असल्यामुळे, गेल्या वर्षी किमती भडकलेल्या असतील तर यंदाचा दर आपोआप लहान दिसतो. भारतात ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाई अवघी ०.२५ टक्के नोंदली गेली. भाज्यांच्या घसरलेल्या भावांचा आणि २२ सप्टेंबरपासून लागू झालेल्या जीएसटी कपातीचा त्यात वाटा होताच. पण वर्षापूर्वीच्या ऑक्टोबरमध्ये हाच दर ६.२१ टक्के होता, हेही विसरता येणार नाही.

३. बहुतेक देशांचे लक्ष्य २ टक्के असताना भारताचे ४ टक्के का?

महागाईचे लक्ष्य जाहीर करून पतधोरण चालवण्याची सुरुवात न्यूझीलंडने १९९० मध्ये केली आणि तेव्हाचा पट्टा होता ० ते २ टक्के. २ हा आकडा कोणत्याही समीकरणातून निघालेला नाही. महागाई फार खाली ठेवली तर एखाद्या धक्क्याने किमती घसरणीला लागण्याचा धोका असतो, आणि फार वर ठेवली तर लोकांचा चलनावरचा विश्वास डळमळतो. यांच्या मधला, बऱ्याच देशांनी एकमेकांचे पाहून स्वीकारलेला असा हा आकडा आहे. फेडने तो जानेवारी २०१२ मध्ये औपचारिकपणे जाहीर केला. युरोपीय मध्यवर्ती बँक आधी ‘२ टक्क्यांच्या खाली, पण जवळ’ असे म्हणत असे. जुलै २०२१ मध्ये तिने सरळ २ टक्के हे लक्ष्य ठरवले.

भारताने २०१६ मध्ये ४ टक्के आणि त्याच्या वर-खाली २ टक्क्यांची मुभा अशी चौकट स्वीकारली. वेगाने वाढणाऱ्या, अन्नावर मोठा खर्च होणाऱ्या देशात किमतींचे चढउतार अधिक असतात आणि ते सारेच व्याजदराने आवरता येत नाहीत. २०१२ आधारवर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाद्यपदार्थ व पेये यांचा भार ४५.८६ टक्के होता. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोच्या भावाने महागाई ७.४४ टक्क्यांवर नेली, तेव्हा रेपो दर वाढवून टोमॅटोचे पीक लवकर आले नसते. सलग तीन तिमाही महागाई पट्ट्याबाहेर राहिली, तर रिझर्व्ह बँकेला सरकारला लेखी कारणे द्यावी लागतात. तशी वेळ पहिल्यांदा २०२२ मध्ये आली.

४. सध्या कोणत्या मोठ्या अर्थव्यवस्थेचा व्याजदर कुठे आहे आणि कल कोणत्या दिशेने आहे?

फेडने मार्च २०२२ पासून शून्यालगतचा दर उचलत जुलै २०२३ पर्यंत ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेला, सप्टेंबर २०२४ मध्ये कपातीला सुरुवात केली आणि २०२५ मध्ये सप्टेंबर, ऑक्टोबर व डिसेंबर अशा तीन बैठकांत प्रत्येकी पाव टक्का कापून तो ३.५० ते ३.७५ टक्क्यांवर आणला. महागाई अजून २ टक्क्यांच्या वर आहे, रोजगाराचा बाजार मात्र सैलावतो आहे. कायद्याने फेडवर दोन्हींची जबाबदारी आहे आणि त्यामुळे दर ठरवणाऱ्या तिच्या समितीत मतभेद उघड दिसतात.

युरो क्षेत्राचे चित्र सर्वांत शांत आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये १०.६ टक्क्यांवर गेलेली महागाई २ टक्क्यांच्या आसपास स्थिरावली आणि ४ टक्क्यांपर्यंत चढवलेला ठेवदर जून २०२५ पासून २ टक्क्यांवर थांबला आहे. अडचण आहे ती वाढीची: जर्मनीची अर्थव्यवस्था २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षे आकसली.

ब्रिटनमध्ये महागाई चिवट ठरली. बँक ऑफ इंग्लंडने सलग चौदा वेळा दर वाढवून तो ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५ टक्क्यांवर नेला आणि ऑगस्ट २०२४ पासून पाव-पाव टक्का उतरवत डिसेंबर २०२५ मध्ये ३.७५ टक्क्यांवर आणला. भारताने २०२५ या एका वर्षात रेपो ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला आणि तोही वाढ जोमात असताना. जुलै ते सप्टेंबर २०२५ या तिमाहीत विकासदर ८.२ टक्के नोंदला गेला. जपान व चीन या दोघांची गोष्ट निराळी आहे. त्यासाठी प्रश्न ५ आणि ६ पाहावेत.

५. सगळे जग दर कमी करत असताना जपान ते वाढवतो आहे, असे का?

कारण जपान दुसऱ्याच टोकाकडून निघाला आहे. तिथे कित्येक वर्षे किमती वाढतच नव्हत्या, त्यामुळे बँक ऑफ जपानने २०१६ पासून धोरणदर उणे ०.१ टक्के ठेवला होता. मार्च २०२४ मध्ये तिने ऋण दर संपवला, त्याच वर्षी जुलैत दर ०.२५ टक्के, जानेवारी २०२५ मध्ये ०.५० टक्के आणि डिसेंबर २०२५ मध्ये ०.७५ टक्के केला. आपल्याला हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण जपानमध्ये तो तीस वर्षांतील सर्वोच्च आहे.

तेथील महागाईत तांदळाने मोठी भर घातली. मे २०२५ मध्ये तांदळाचा भाव वर्षभरापूर्वीच्या दुपटीहून अधिक झाला होता. आपल्याला तांदूळ विकत घ्यावा लागत नाही, समर्थकच तो आणून देतात, असे बोलून गेलेल्या कृषिमंत्र्यांना त्याच महिन्यात राजीनामा द्यावा लागला. (भारतीय वाचकाला कांद्याच्या भावाने हादरलेली सरकारे आठवतील.) येथे मोजमापाची एक खोच आहे. इतर बहुतेक देशांत ‘गाभा महागाई’ म्हणजे अन्न आणि इंधन वगळून उरलेली महागाई. जपानचा गाभा निर्देशांक केवळ ताजे अन्न, म्हणजे भाजी, फळे, मासे वगळतो. तांदूळ आणि वीज त्यातच राहतात. त्यामुळे जपानची गाभा महागाई ३ टक्के आणि अमेरिकेची ३ टक्के ही एकाच गोष्टीची मापे नव्हेत. अमेरिकेशी तुलना करायची असेल, तर ताजे अन्न व ऊर्जा दोन्ही वगळणारा जपानचा दुसरा निर्देशांक घ्यावा. अर्थात तांदूळ त्यातूनही वगळलेला नसतो.

जपानच्या दराचा आपल्याशी संबंध काय, असेही विचारले जाते. स्वस्त येनमध्ये कर्ज काढून ते पैसे जगभरच्या बाजारांत गुंतवण्याची प्रथा जुनी आहे. ३१ जुलै २०२४ ला दर वाढल्यावर, अमेरिकेतील रोजगाराच्या कमकुवत आकड्यांची भर पडून, गुंतवणूक विकून ही कर्जे भराभर फेडली गेली. ५ ऑगस्टला जपानचा शेअर निर्देशांक निक्केई १२.४ टक्के कोसळला आणि त्याच दिवशी मुंबईत सेन्सेक्स दोन हजार दोनशेहून अधिक अंशांनी खाली आला.

६. चीनमध्ये महागाई जवळजवळ शून्य आहे. ही तर चांगली गोष्ट नाही का?

ग्राहकाला ती काही काळ चांगली वाटते. परंतु चीनमध्ये २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी किरकोळ महागाई ०.२ टक्के राहिली आणि कारखान्याच्या दारातील किमती ऑक्टोबर २०२२ पासून घसरतच आहेत. विक्रीची किंमत दर वर्षी घटत असेल, तर कारखानदाराचा नफा आकसतो, तो नोकरभरती थांबवतो, आणि कर्जाचा आकडा मात्र तेवढाच राहतो. या घसरणीमागे घरबांधणी क्षेत्राचा फुगा फुटणे हे मोठे कारण आहे. मध्यमवर्गाची बचत घरांत अडकलेली असल्यामुळे घरांच्या किमती उतरल्यावर लोकांनी खर्चाला हात आखडता घेतला.

यातून एक चकवा तयार होतो. चीनने २०२३ ते २०२५ या तिन्ही वर्षांसाठी ‘सुमारे ५ टक्के’ वाढीचे लक्ष्य ठेवले आणि ते गाठल्याचे जाहीर केले. ही वाढ किमतींचा परिणाम वगळून मोजलेली असते. किमतीच घसरत असताना चालू किमतींनुसारची वाढ त्याहून कमी भरते, आणि पगार, नफा व करवसुली या चालू किमतींवर चालतात. म्हणून ‘५ टक्के वाढ’ आणि ‘लोकांना जाणवणारी मरगळ’ या दोन्ही बातम्या एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

७. नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचे जगाच्या वाढीचे आकडे इतके वेगळे कसे?

२०२५ च्या जागतिक वाढीचा अंदाज जागतिक बँकेने जूनमध्ये २.३ टक्के दिला आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने जुलैत ३ टक्के. मतभेद होते, पण फरकाचा मोठा भाग वजनांचा आहे. नाणेनिधीचा मुख्य आकडा देशांना क्रयशक्तीनुसार, म्हणजे तेथील पैशात किती वस्तू मिळतात ते पाहून, वजन देतो. त्या मोजणीत चीन अमेरिकेहून मोठा ठरतो आणि भारताचा वाटाही बराच वाढतो. वेगाने वाढणाऱ्या देशांना जास्त वजन मिळाल्यामुळे सरासरी वर जाते. जागतिक बँकेचा मुख्य आकडा बाजारातील विनिमय दरांवर आधारलेला असतो आणि त्यात अमेरिका, युरोप, जपान यांचे वजन अधिक भरते.

८. अमेरिकेचा तिमाही विकासदर आणि भारताचा तिमाही विकासदर यांची थेट तुलना करावी का?

करू नये. अमेरिका चालू तिमाहीची तुलना लगेच मागच्या तिमाहीशी करते आणि हाच वेग वर्षभर राहिला तर किती वाढ होईल, तो आकडा जाहीर करते. भारत आणि चीन यांचा मथळ्यातला आकडा वर्षापूर्वीच्या त्याच तिमाहीशी तुलना करून येतो. युरो क्षेत्र मागच्या तिमाहीशी तुलना करते, पण तिची वार्षिक पट करत नाही. म्हणून तेथे ‘०.२ टक्के’ असे लहान आकडे दिसतात. तो ०.२ अमेरिकी पद्धतीने मांडला तर सुमारे ०.८ होईल.

२०२५ च्या पहिल्या तिमाहीत अमेरिकेचा प्राथमिक आकडा उणे ०.३ टक्के आला आणि मंदीची चर्चा सुरू झाली. प्रत्यक्षात आयात शुल्क वाढण्याआधी कंपन्यांनी परदेशातून माल भरून घेतला होता. आयातीवर गेलेला खर्च हिशेबात वजा होतो, पण गोदामात साठलेला तोच माल पहिल्या मोजणीत पुरता दिसतोच असे नाही.

आणखी एक बारकावा असा की नाणेनिधीच्या तक्त्यात भारतासमोर लिहिलेले ‘२०२५’ म्हणजे एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ हे आर्थिक वर्ष. शेजारच्या रांगेतील चीनचे २०२५ मात्र जानेवारी ते डिसेंबर असते.

९. अंदाज दर तीन महिन्यांनी बदलत असतील, तर ते वाचायचेच कशाला?

नाणेनिधीचा २०२५ साठीचा जागतिक अंदाज जानेवारीत ३.३ टक्के होता, एप्रिलमध्ये २.८ झाला, जुलैत ३.० आणि ऑक्टोबरमध्ये ३.२. यातला एप्रिलचा आकडा अमेरिकेने २ एप्रिलला जाहीर केलेले आयात शुल्क धरून आणि ४ एप्रिलपर्यंतच्या माहितीवर बेतलेला होता. ९ एप्रिलला त्यातील बरेच शुल्क नव्वद दिवसांसाठी स्थगित झाले, म्हणजे अहवाल छापून येईतो त्याचे गृहीतकच हलले होते. अशा वेळी अंदाज चुकला म्हणण्यापेक्षा तो कोणत्या गृहीतकावर उभा होता, हे पाहावे. अहवालात ते सहसा पहिल्या काही पानांतच लिहिलेले असते.

फेडच्या ठिपक्यांच्या तक्त्यालाही हेच लागू आहे. वर्षातून चार वेळा समितीतील सदस्य आपल्या मते योग्य दर कोणता, ते एकेका ठिपक्याने दाखवतात. ते वचन नसते आणि सर्व ठिपके मतदारांचेही नसतात: तक्त्यात १९ जागा असतात, बैठकीत मत मात्र बाराच जण देतात. बातमीत सांगितली जाते ती मधली किंमत, तर ठिपके किती विखुरले आहेत हे सांगायचे राहून जाते. माझ्या मते तो विखुरलेपणाच वाचण्याजोगा असतो.

१०. सलग दोन तिमाही उत्पादन घटले की मंदी आली, असे समजायचे का?

ब्रिटन आणि युरोपात वृत्तपत्रे असेच मानतात. अमेरिकेत मंदीची तारीख राष्ट्रीय आर्थिक संशोधन संस्थेची समिती ठरवते आणि ती रोजगार, उत्पन्न, विक्री असे अनेक निकष पाहते. २०२२ च्या पहिल्या दोन तिमाहींत त्या वेळच्या आकड्यांनुसार घट होती, पण रोजगार वाढत असल्याने मंदी जाहीर झाली नाही. उलट २०२० ची मंदी फेब्रुवारी ते एप्रिल अशी केवळ दोन महिन्यांची असूनही जाहीर झाली, कारण घसरण अत्यंत खोल होती.

११. फेडने दर कापले तरी न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भावाचे गृहकर्ज महागच का?

अमेरिकेत बहुतेक गृहकर्जे तीस वर्षांच्या स्थिर दराची असतात आणि तो दर फेडच्या रात्रभराच्या दरापेक्षा दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांच्या परताव्यामागे चालतो. हा परतावा पुढील अनेक वर्षांची महागाई, सरकारची तूट आणि कर्जउभारणी यांचा अंदाज घेऊन बाजार ठरवतो. सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ मध्ये फेडने एकूण एक टक्का कपात केली. त्याच सुमारास दहा वर्षांचा परतावा सुमारे ३.६ वरून जानेवारीत ४.८ टक्क्यांकडे गेला आणि तीस वर्षांच्या गृहकर्जाचा सरासरी दर साधारण ६.१ वरून ७ टक्क्यांवर चढला. शिवाय २०२० आणि २०२१ मध्ये ३ टक्क्यांच्या आसपास कर्ज घेतलेले लोक घर विकायलाच तयार नसतात, कारण नवे घर घेताना तो दर हातचा जातो.

१२. आणि भारतातील माझ्या हप्त्याचे काय? तो फेडवर अवलंबून असतो का?

थेट नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेली नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाहेरील मानकाशी, बहुतेक वेळा रेपोशी, जोडलेली असतात आणि किमान तीन महिन्यांतून एकदा दर नव्याने ठरवावा लागतो. गृहवित्त कंपन्यांना हा नियम लागू नाही, त्यामुळे तेथे कपात पोहोचायला वेळ लागू शकतो.

२०२५ मधील सव्वा टक्क्याची कपात पूर्ण मिळाली असे धरू. ५० लाखांचे, २० वर्षांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे ४३,३९० रुपये येतो आणि सव्वासात टक्क्यांनी सुमारे ३९,५२०. अनेक बँका चालू कर्जात हप्ता तोच ठेवून मुदत घटवतात. याच उदाहरणात, कर्जाच्या आरंभीच कपात झाली असे मानले, तर २४० ऐवजी साधारण १९८ महिन्यांत कर्ज फिटते, म्हणजे साडेतीन वर्षे आधी. आपल्या बँकेने यातले काय केले आहे, हे विवरणपत्रात पाहावे.

फेडचा परिणाम आडवळणाने होतो. अमेरिकेतील आणि भारतातील दरांतले अंतर घटले, तर परकीय गुंतवणूक बाहेर जाऊन रुपयावर ताण येऊ शकतो आणि रिझर्व्ह बँकेला त्याचे भान ठेवावे लागते.

१३. महागाई लक्ष्याच्या वर असतानाही दर कमी करता येतात का?

येतात, प्रश्न कारणांचा आणि विश्वासार्हतेचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रिटनची महागाई साडेतीन टक्क्यांच्या वर होती. बँक ऑफ इंग्लंडच्या नऊ सदस्यांच्या समितीत चौघांना पाव टक्का कपात हवी होती, चौघांना दर जैसे थे हवा होता आणि एकाला अर्धा टक्का कपात हवी होती. बहुमत न झाल्याने समितीच्या इतिहासात पहिल्यांदाच दुसऱ्यांदा मतदान झाले आणि ५ विरुद्ध ४ मतांनी दर ४ टक्के झाला. आजचा दर महागाईवर उतरायला वर्ष-दीड वर्ष लागते, म्हणून समिती आजच्या महागाईपेक्षा तेव्हाच्या अंदाजाकडे पाहते.

तुर्कस्तानात घडले ते निराळे. वाढत्या व्याजदरामुळेच महागाई वाढते, अशी राष्ट्राध्यक्ष एर्दोगान यांची धारणा होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिकृत महागाई ८५ टक्क्यांच्या वर असतानाही कपात सुरू राहिली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत दर ८.५ टक्क्यांवर आला. तेथील चलन लिरा गडगडत राहिले. २०२३ च्या निवडणुकीनंतर धोरण फिरले आणि मार्च २०२४ पर्यंत तोच दर ५० टक्क्यांवर न्यावा लागला.

१४. परदेशात ठेवीवर कमी व्याज आहे. मग सगळी बचत भारतात मुदत ठेवीत ठेवणे फायद्याचे नाही का?

व्याजाचा आकडा चलनासह वाचावा लागतो. डॉलर रुपयांत बदलून अनिवासी बाह्य खात्यात, म्हणजे एनआरई ठेवीत, ठेवले तर व्याज रुपयांचे मिळते आणि विनिमयाची जोखीम ठेवीदाराची राहते. डिसेंबर २०२५ मध्ये एका डॉलरचा भाव ९० रुपयांच्या पलीकडे गेला. ज्या वर्षी रुपया ५ टक्के घसरतो, त्या वर्षी ७ टक्के व्याजातले डॉलरच्या हिशेबाने जेमतेम दोन टक्के उरतात. मुळात दोन देशांच्या व्याजदरांतील फरकात महागाईचा आणि चलनाच्या अपेक्षित घसरणीचा बराचसा हिशेब आधीच धरलेला असतो.

ज्यांना पैसे अखेरीस भारतातच, म्हणजे घर किंवा आईवडिलांच्या खर्चासाठी, वापरायचे आहेत, त्यांना ही घसरण फारशी बाधत नाही. ज्यांना ते परत न्यायचे आहेत, त्यांच्यासाठी एफसीएनआर ठेव आहे: ती परकीय चलनातच राहते, व्याजही त्याच चलनात मिळते आणि त्याचा दर साहजिकच कमी असतो. एनआरई ठेवीचे व्याज भारतात करमुक्त असले, तरी अमेरिका आपल्या करदात्यांच्या जगभरातील उत्पन्नावर कर लावते, त्यामुळे तेथील विवरणपत्रात ते दाखवावे लागते.